सेलूच्या पेंटरचे दुकान आणि प्रतिनिधीपदाची हाताने लिहिलेली पोस्टर

आरोग्यशाखांच्या महाविद्यालयात विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून ज्यांना उभे राहायचे आहे आणि ज्यांच्या महाविद्यालयाची नियमावली छापील प्रचाराला मनाई करते, त्यांच्यासाठी वर्धा जिल्ह्यातील सेलूच्या बाजारपेठेतले एक पेंटरचे दुकान अतिशय उपयोगाचे आहे. गावभर पाट्या लिहिणाऱ्या या माणसाने स्वतःच्या दुकानावर मात्र पाटी लावलेली नाही, त्यामुळे बाजारात कोणालाही ‘पेंटरकाका कुठे बसतात’ असे विचारावे लागते. आमच्या महाविद्यालयातील निवडणुकीत नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षातील माझी मैत्रीण उमेदवार होती आणि प्रचारसाहित्याची जबाबदारी माझ्याकडे होती. ती निवडणूक आम्ही हरलो. पण त्या पराभवाचे खापर या दुकानावर फोडता येणार नाही, आणि कामाचे मूल्यमापन निकालावरून करूही नये.

छापील साहित्य का चालत नाही, हे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण पहिल्यांदा उभे राहणारे बहुतेक उमेदवार थेट फ्लेक्सच्या दुकानात जातात. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने विद्यार्थी निवडणुकांसाठी केलेल्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी स्वीकारून लागू केल्या. त्यांनुसार उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत असला पाहिजे, छापील पोस्टर, पत्रके किंवा इतर कोणतेही छापील साहित्य वापरता येत नाही, आणि हाताने तयार केलेली पोस्टरसुद्धा आवारातील आधी जाहीर केलेल्या ठिकाणीच लावता येतात. ध्वनिक्षेपक आणि वाहने प्रचारासाठी वापरता येत नाहीत आणि महाविद्यालयाच्या आवाराबाहेर प्रचार करता येत नाही. उमेदवाराने पोस्टर स्वतःच्याच हाताने केले पाहिजे, असे मात्र कुठेही म्हटलेले नाही; ते हाताने केलेले असावे आणि खर्चाच्या मर्यादेत मिळवलेले असावे, एवढीच अट आहे. आमच्या निवडणूक अधिकारी बाईंनी, म्हणजे आमच्याच एका प्राध्यापिकांनी, ही बाब आम्हाला लेखी कळवली, आणि मगच आम्ही पेंटरकडे गेलो. दुसऱ्या एका गावातील छपाईच्या दुकानाने ‘हस्ताक्षरासारख्या फॉन्टमध्ये छापून देतो, कोणाला ओळखू येणार नाही’ असा प्रस्ताव दिला होता. तो कोणीही स्वीकारू नये, कारण अशा पोस्टरवर पहिली तक्रार प्रतिस्पर्धीच करतो आणि मग उमेदवारीच धोक्यात येते.

महाराष्ट्रात अशा निवडणुकांची सवयच मोडलेली आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने मतदानाऐवजी गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली, पण आरोग्यविज्ञान विद्यापीठाचा कारभार १९९८ च्या स्वतंत्र कायद्याने चालतो, त्यामुळे ती तरतूद त्याला लागू होत नाही. आमच्याकडे नर्सिंग, फिजिओथेरपी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान आणि फार्मसी या चारही शाखांचा मिळून एक प्रतिनिधी मतपत्रिकेने निवडण्याची महाविद्यालयाची अंतर्गत प्रथा आहे आणि तिचे नियम लिंगडोह शिफारशींवर बेतलेले आहेत. या दुकानाची किंमत कळण्यासाठी हा इतिहास उपयोगी पडतो, कारण पेंटरकाकांनी त्यांच्या उमेदीच्या काळात वर्ध्याच्या महाविद्यालयांतील निवडणुकांचे कापडी फलक लिहिलेले आहेत. आधी निवडणुका गेल्या, नंतर फ्लेक्स आला, आणि हाती उरली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची नावे, शाळांच्या भिंतींवरची सुवचने आणि ग्रामपंचायतीचे सूचनाफलक. विद्यार्थ्यांचे काम पुन्हा आले याचा त्यांना झालेला आनंद ते लपवत नाहीत, परंतु त्या आनंदापोटी दर कमी करतील, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

त्यांच्या कामाची खरी गुणवत्ता अक्षरांच्या वळणापेक्षाही मजकूर कापण्यात आहे. आम्ही जो मजकूर घेऊन गेलो होतो, त्यात उमेदवाराचे नाव, शाखा, वर्ष, पूर्वीची कामे, नऊ मागण्या आणि शेवटी विनम्र आवाहन असे सगळे होते. तो कागद त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, ‘‘बाई, हा तं तहसीलीतला अर्ज झाला. पोस्टर कोनी उभं राहून वाचत नाही, चालता चालता वाचते. मले यातली एक गोष्ट सांग.’’ त्यानंतर त्यांनी सुतळीला खडू लावून कागदावर दोन रेघा मारल्या आणि सांगितले की दहा फुटांवरून वाचायचे असेल तर अक्षर किमान एक इंच उंच पाहिजे, वीस फुटांवरून वाचायचे असेल तर दोन इंच. ‘‘आता मेसच्या भिंतीचे दारापासून किती अंतर आहे ते सांग, म्हणजे किती शब्द मावतात ते मी सांगतो,’’ असे ते म्हणाले. हा हिशेब त्यांनी आमच्याकडूनच करवून घेतला. मेसच्या भिंतीसाठी सात शब्दांपेक्षा जास्त परवडत नव्हते.

सात शब्दांत आरोग्यशाखेच्या विद्यार्थ्यांची मागणी बसवणे हे वरवर वाटते तेवढे सोपे नाही. आमची एक प्रमुख मागणी हिपॅटायटिस-बी लसीची होती. वॉर्डात पाऊल ठेवण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याचे लसीकरण सुरू झालेले असावे, हा तिचा आशय. पेंटरकाकांनी तिचे ‘पोस्टिंगआधी तिन्ही डोस’ असे सुटसुटीत रूप केले, आणि ऐकायला ते फारच चांगले होते. पण ही लस शून्य, एक आणि सहा महिने अशा अंतराने दिली जाते, त्यामुळे प्रवेश घेतल्यावर काही आठवड्यांतच वॉर्डात जाणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीला तिन्ही डोस आधी मिळणे शक्यच नाही. अशी घोषणा वाचून दुसऱ्याच दिवशी एखाद्या प्राध्यापकाने वर्गात ‘हे कसे करणार?’ असे विचारले असते, आणि आरोग्यशाखेचे प्रतिनिधित्व करू पाहणाऱ्या उमेदवाराला लसीचे वेळापत्रक माहीत नाही, ही गोष्ट चहाच्या टपरीपर्यंत पोचली असती. इथे उमेदवाराने हट्ट धरला, काकांनी कुरकुर केली, आणि शेवटी ‘पहिला डोस वॉर्डात जाण्याआधी, तिसऱ्याचा हिशेब आमच्याकडे’ असे ठरले. शब्द बरोबर सातच झाले, पण लांब होते. ते त्यांनी अक्षरे किंचित अरुंद करून बसवले आणि तरीही ते दारातून वाचता येत होते. हे कौशल्य संगणकावर अक्षरे दाबून मिळत नाही, कारण तिथे मात्रा आणि वेलांट्याही तेवढ्याच चिरडल्या जातात.

याच्या उलट दुसऱ्या पोस्टरवर त्यांची सूचना आमच्यापेक्षा सरस ठरली. सुई टोचण्याच्या अपघाताविषयी आम्ही ‘नीडल स्टिक इजाविषयक धोरणाची तातडीने अंमलबजावणी’ असे लिहिले होते. ज्याला वैद्यकीय शिक्षणाचा गंध नाही अशा माणसाने विचारले, ‘‘म्हंजे पोरीच्या हाताले सुई टोचली तं ती काय करते?’’ आम्ही सांगितले की रुग्णाच्या रक्ताने दूषित झालेली सुई टोचली तर एचआयव्हीपासून बचावाची औषधे शक्य तितक्या लवकर, शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करायची असतात, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही, आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. पण रात्रपाळीत हे घडले तर नेमके कोणाकडे जायचे, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलींना कोणी सांगितलेले नसते. ते ऐकून त्यांनी खडूने फरशीवर लिहिले : ‘रात्री दोनला सुई टोचली. फोन कोणाला?’ हेच पोस्टर सर्वांत जास्त वाचले गेले. प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या मुलांनी, जी नर्सिंगच्या उमेदवाराकडे एरवी ढुंकूनही पाहत नाहीत, त्याखाली थांबून आपापसांत चर्चा केली, कारण रक्ताचे नमुने हाताळताना हा धोका त्यांनाही तितकाच असतो. चार शाखांचा एकच प्रतिनिधी निवडायचा असतो तेव्हा चारही शाखांना लागू होणारा प्रश्न शोधणे हेच प्रचाराचे निम्मे काम असते, आणि ते आमच्यासाठी त्या दुकानात झाले. आमची अंतिम मतसंख्या पाहता उरलेले निम्मे काम आमच्याकडून तितके चांगले झाले नसावे.

दुकानाचे दोष सांगितल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. पहिला आणि सर्वांत गंभीर दोष चिन्हांचा आहे. दवाखान्याशी संबंधित काहीही लिहायचे म्हटले की पेंटरकाका कोपऱ्यात पांढऱ्या जागेवर लाल अधिकचिन्ह काढतात. तालुक्यातील अर्ध्या औषध दुकानांवर आणि दवाखान्यांवर ते आहे, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. प्रत्यक्षात पांढऱ्या पार्श्वभूमीवरील लाल क्रॉस हे जिनिव्हा करारांनी संरक्षित केलेले चिन्ह असून १९६० च्या भारतीय कायद्यानुसार परवानगीशिवाय त्याचा वापर करता येत नाही, मग तो डॉक्टर असो वा विद्यार्थी. दुसरे त्यांचे आवडते चित्र म्हणजे पंख असलेल्या काठीला वेढलेले दोन साप. ती काठी ग्रीक पुराणातील व्यापाराच्या देवतेची आहे. वैद्यकाची काठी बिनपंखांची असते आणि तिच्यावर एकच साप असतो. हे दोन्ही त्यांनी हटवले खरे, पण न विचारता आधी रंगवले होते आणि वर पुन्हा रंग देऊन झाकल्यामुळे दोन पोस्टरच्या कोपऱ्यात फिकट डाग राहिले. काम देतानाच ‘चित्र नको, फक्त अक्षरे’ असे निक्षून सांगावे, आणि चित्र हवेच असेल तर नमुना कागदावर छापून सोबत न्यावा.

दुसरा दोष वेळेचा आहे आणि तो समजण्यासाठी हा भाग ओळखावा लागतो. लिंगडोह शिफारशींनुसार सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक व्हावी लागते, आणि अर्ज भरण्यापासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया दहा दिवसांत संपवावी लागते. आमच्याकडे हे दिवस नेमके श्रावण अमावास्येच्या, म्हणजे पोळ्याच्या आसपास येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो, त्यात मुले लाकडी नंदी सजवून मिरवतात, आणि याच तालुक्यातील सिंदी रेल्वे हे गाव मोठमोठ्या लाकडी नंद्यांसाठी ओळखले जाते. त्यामुळे त्या आठवड्यात पेंटरच्या दुकानात डोळे, शिंगे आणि झुली रंगवायला आलेल्या नंद्यांची रांग असते, आणि विद्यार्थी प्रतिनिधीच्या उमेदवाराला त्या रांगेत विशेष मान नाही. काकांचे तत्त्व साधे आहे : नंदी वर्षातून एकदाच मिरवतो, निवडणूक पुढच्या वर्षीही येईल. (नियमानुसार पदाधिकारी होण्यासाठी उमेदवाराला एकच संधी मिळते, हे त्यांना सांगूनही फरक पडला नाही.) अर्ज भरण्याची तारीख जाहीर होताच, म्हणजे उमेदवारी निश्चित होण्याआधीच, कोऱ्या कागदांचे आणि कापडाचे माप देऊन जागा राखून ठेवणे हाच यावर उपाय आहे.

साहित्याबाबत त्यांचा सल्ला मानावा. चार्ट पेपरवरील पोस्टर कलर पावसाळ्यात उघड्या व्हरांड्यात टिकत नाही. एका झडीत लाल रंग खाली ओघळतो आणि पोस्टर पाहून भलतेच काही सुचते. म्हणून आतल्या भिंतींसाठी चार्ट पेपर आणि आवारातील बस थांब्याजवळच्या जाळीसाठी मांजरपाट, म्हणजे जाडेभरडे सुती कापड, अशी विभागणी ते करतात. कापडाला आधी पांढऱ्या डिस्टेंपरचा पातळ हात देतात, त्यामुळे ऑइल पेंट धाग्यांतून पसरत नाही. ढगाळ हवेत तो वाळायला वेळ लागतो, आणि ओला फलक गुंडाळून एसटीत आणला तर अक्षरे एकमेकांना चिकटतात, एवढे लक्षात ठेवावे. सेवाग्राम जवळ असल्यामुळे आमच्यातल्या काहींना फलक खादीवर लिहून घेण्याची कल्पना सुचली होती. कल्पना चांगली होती, पण हातमागाच्या खडबडीत विणीवर शिरोरेषा सरळ ओढता येत नाही असे काकांनी करून दाखवले, आणि खादीचा दर पाहिल्यावर तो विषय तिथेच संपला.

दर असे आहेत : पूर्ण चार्ट पेपरचे पोस्टर १२० रुपये, अर्ध्याचे ७० रुपये, आणि कापडी फलक कापडासह चौरस फुटाला ४० रुपये. आम्ही बारा पूर्ण पोस्टर आणि तीन बाय आठ फुटांचे दोन फलक घेतले. पोस्टरचे १,४४० आणि फलकांचे १,९२० असे एकूण ३,३६० रुपये झाले, आणि सुतळी, चिकटपट्टी, प्रवास यांसाठी मर्यादेतील १,६४० रुपये उरले. फ्लेक्सच्या तुलनेत हा दर कितीतरी जास्त आहे, पण ही तुलनाच गैरलागू आहे. स्वतः रंग आणून मैत्रिणींनी रात्री बसून लिहिणे अर्थातच याहून स्वस्त पडते, आणि ज्यांचे अक्षर मोठ्या आकारातही टिकते त्यांनी तसेच करावे. आमच्या वर्गात सुंदर हस्ताक्षराच्या मुली पुष्कळ होत्या, परंतु वहीतले अक्षर तीन इंचांचे केले की त्याचे काय होते, हे पाहिल्यावर आम्ही तो नाद सोडला.

पावतीचा प्रश्न मात्र आधीच मिटवून घ्यावा. निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत उमेदवाराला तपासलेला हिशेब महाविद्यालयाकडे द्यावा लागतो आणि महाविद्यालय तो दोन दिवसांत जाहीर करते. पेंटरकाकांकडे पावतीपुस्तक नाही. त्यांनी पहिल्यांदा रक्कम सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूवर लिहून दिली, आणि ती हिशेबाला जोडण्याजोगी नव्हती. एवढ्या छोट्या व्यवसायाला जीएसटी नोंदणीची गरज नसते आणि ५,००० रुपयांपर्यंतच्या पावतीला महसूल मुद्रांकही लागत नाही, त्यामुळे कोऱ्या कागदावर तारीख, कामाचे वर्णन, माप, दर, रक्कम आणि सही एवढे असले तरी चालते. आम्ही तसा मसुदा लिहून नेला आणि त्यांनी सही केली, तीही अशी वळणदार की निवडणूक अधिकारी बाईंनी ती दोनदा पाहिली.

एका गोष्टीबद्दल मी अजूनही द्विधा आहे. फिजिओथेरपीचा उमेदवार आणि फार्मसीची उमेदवार यांनीही याच दुकानातून काम करून घेतले. काकांनी एकाचा मजकूर दुसऱ्याला दाखवला नाही, उलट आमची पोस्टर वाळत असताना फार्मसीची मुले आली तेव्हा त्यांनी ती नंद्यांच्या मागे भिंतीकडे तोंड करून ठेवली. या बाबतीत त्यांच्यावर पूर्ण विश्वास टाकता येतो. पण मेसच्या भिंतीवर तिन्ही उमेदवारांची पोस्टर शेजारी शेजारी लागली तेव्हा ती एकाच हाताची, एकाच लाल-निळ्या रंगांची आणि एकाच वळणाची होती. दुरून कोणते कोणाचे ते कळत नव्हते. ज्यांना आपली वेगळी ओळख ठसवायची आहे, त्यांच्यासाठी हा तोटाच आहे. मला स्वतःला मात्र ते बरे वाटले, कारण ज्या निवडणुकीत एकाचा फोटो दुसऱ्यापेक्षा मोठा असू शकत नाही, तिथे मुलींना प्रत्येकाने काय मागितले आहे तेच वाचावे लागले, आणि मेसमध्ये वाद झाले तेही रात्रपाळीनंतरच्या वाहनावर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांवरील पोस्टिंगच्या एसटी वेळांवर झाले. उमेदवार कोणत्या गावचा आणि कोणाचा, हा विषय पूर्ण टळला नाही, पण तो दुसऱ्या क्रमांकावर गेला.

रुग्णालयाच्या इमारतीत, बाह्यरुग्ण विभागात किंवा वॉर्डाच्या वाटेवर लावण्यासाठी काही करून मागू नये. आमच्याकडे त्या जागांना मनाई आहे आणि तशी असलीच पाहिजे, कारण ‘रात्री दोनला सुई टोचली’ हे वाचून रुग्णाच्या नातेवाइकाने काय समजावे? हिंदीतील मजकूर ते तितक्याच सफाईने लिहितात. रोमन अक्षरे जुन्या वळणाची पण स्वच्छ येतात. मल्याळम लिहिता येत नाही, तेव्हा केरळहून आलेल्या विद्यार्थिनींसाठी वेगळी सोय करावी.

मतदान संपल्यावर ४८ तासांच्या आत मतदानाच्या परिसराची सफाई करण्याची जबाबदारी सर्व उमेदवारांची मिळून असते. त्या वेळी कापडी फलक फेकून देऊ नयेत. ते धुऊन, वाळवून परत नेले तर पेंटरकाका त्यांच्यावर पुन्हा पांढरा हात मारतात आणि पुढच्या कामात चौरस फुटाला दहा रुपये कमी लावतात. ही सवलत ज्याने फलक आणून दिला त्याच्या नावाने वहीत लिहिली जाते, पण चिठ्ठी दिली तर ज्युनिअरच्या नावावरही करून मिळते.